पातालपानीची चोरल

पावसाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की इंदूरच्या मराठी घरात पहिला बेत ठरतो तो पातालपानीचा. (शुद्ध मराठीत 'पाताळपाणी' म्हणायला हवे हे आम्हीही जाणतो, पण चार पिढ्या माळव्यात काढल्यावर जीभ तशी वळत नाही.) सुमारे तीनशे फुटांवरून कोसळणारे पाणी, खालचा डोह थेट पाताळाला भिडतो ही आजीची गोष्ट, आणि परतताना महूत गरम भजी. पण हे पाणी कोणत्या नदीचे, असे घरात कुणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. ती नदी चोरल.

आपल्या ओळखीच्या खान, शिप्रा, गंभीर, चंबळ या नद्या उत्तरेला जातात, कारण माळव्याचे पठार हळूहळू तिकडेच उतरते. त्यांचे पाणी यमुनेतून गंगेला मिळते. महूच्या दक्षिणेला मात्र विंध्याची कड एकदम तुटते. चोरल त्या बाजूने उतरून नर्मदेला मिळते. म्हणजे थोड्याशा अंतरावर पडलेल्या दोन सरींपैकी एक बंगालच्या उपसागरात जाते, तर दुसरी अरबी समुद्रात. पातालपानी ही चोरलच्या उतरणीतली एक पायरी. खडक सह्याद्रीतला तोच, लाव्ह्याच्या थरांचा काळा पाषाण. अशा खडकात खालचा ठिसूळ थर आधी झिजतो, मग वरचा टणक थर तुटून पडतो आणि कडा उभाच राहतो. धबधब्याने नदी प्रसिद्ध केली नाही, पण नदीने मात्र धबधबा घडवला.

आपल्या रेल्वेनेही हीच वाट धरली. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला या मार्गासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षे. खांडव्याकडून रूळ आले, १८७६ मध्ये नर्मदेवर पूल झाला, १८७७ च्या ऑगस्टमध्ये महू-इंदूर गाडी सुरूही झाली. अडला होता तो मधला घाट. चोरलच्या दरीला धरून, बोगदे आणि पूल बांधत, चाळीस फुटांना एक फूट अशा चढाने तो १८७८ च्या जानेवारीत पुरा झाला. खिडकीतून धबधबा दिसू लागला की डब्यातली सगळी मंडळी एका बाजूला झुकायची, हे ज्यांनी मीटरगेजचा प्रवास केला त्यांना सांगायला नको. डिसेंबर २०१८ पासून पातालपानी ते कालाकुंड हेरिटेज गाडी धावू लागली. कालाकुंडला उतरून कलाकंद खाणाऱ्यांना शेजारून वाहणारी नदी तीच, हे कुणीतरी सांगायला हवे.

चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते. तिथून खाली मंडलेश्वरनजीक जलूद आहे, आणि १९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहूनच, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, वर चढवून आणले जाते. तेव्हा इंदूरकडे पाठ फिरवून गेलेल्या चोरलचे थोडे पाणी आपल्या नळाला परत येते म्हणायचे! अहिल्याबाईंच्या महेश्वरचे घाट त्याच प्रवाहावर आहेत.

उन्हाळ्यात पातालपानीला जाल तर कड्यावरून जेमतेम एक धार ओघळताना दिसेल. वरच्या अंगाची माती आणि झाडे जेवढे पाणी धरतील तेवढीच ती धार टिकणार. आपण मात्र कठडे, पायऱ्या, सेल्फीची जागा एवढ्याचीच चर्चा करतो. वरच्या नदीकडे न पाहण्याची किंमत जुलै २०११ मध्ये कळली. सहलीला आलेले एक कुटुंब पात्रात असताना अचानक लोंढा आला. खडकावर अडकलेली ती माणसे काठावरच्या लोकांसमोर वाहून गेली, आणि त्यातले तिघे वाचले नाहीत. धबधब्याजवळ ऊन असले तरी वर पाऊस झालेला असू शकतो.

भाद्रपदात धबधबा भरात असतो. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा कड्याकडे पाठ करून नदी येते त्या दिशेला आधी नजर टाका. तिकडे आभाळ काळे दिसले, किंवा पाणी एकाएकी गढूळ झाले, तर फोटो राहू द्या आणि मुलांना पात्रातून बाहेर बोलवा.