खिळ्यापासून फॉन्टपर्यंत : अक्षर कुणाच्या हातात?



आपण देवपुरात बसलोय. इथून पांझरा ओलांडली की राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी मंडळ स्थापन झालं. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद बरेचसे मोडीतले. छापताना ते बाळबोधीत उतरवावे लागत, कारण छापखान्यात खिळे बाळबोधीचे. पण एक खात्री होती: ज्या खिळ्यांचं प्रूफ, त्याच खिळ्यांची छपाई.

संगणक आला आणि ही खात्री गेली. १९९०च्या सुमारास डीटीपी पसरलं. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये युक्ती अशी होती, की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवायचा. कृतिदेवमध्ये ‘क’ बसतो इंग्रजी ‘डी’च्या जागी. म्हणजे फाइलमध्ये ‘क’ नाहीच, ‘डी’ आहे! आपल्या मशीनवर प्रिव्ह्यू झकास दिसतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला, की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी.

पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रातून आणि १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणातून निराळी वाट दाखवली होती: फाइलमध्ये साठवायचं ते अक्षर, आकार नंतर फॉन्ट देईल. युनिकोडने तीच वाट जगभर नेली. विंडोज २०००सोबत र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ आला. मोडीलाही २०१४मध्ये युनिकोडात जागा मिळाली.

मग प्रश्न मिटला का? नाही. युनिकोडने मजकूर वाचवला, रूप नाही. ‘ल’ आणि ‘श’ घ्या. मराठी वळण असो की हिंदी, संकेतांक एकच. कागदावर कोणतं वळण उमटणार, ते फॉन्ट ठरवतो. फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळ सरकते, पान तुटतं.

म्हणून छपाईला द्यायची पीडीएफ फॉन्टसह बांधलेली हवी. प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ दिसलं पाहिजे. तेच आपलं आजचं प्रूफ. पण पीडीएफ रूप जपते, मजकूर शोधता येईलच असं नाही. तेव्हा मूळ युनिकोड फाइलही ठेवा.

आणि घरातल्या जुन्या सीडींवर गावाचा इतिहास, अहिराणी गाणी जुन्या फॉन्टमध्ये पडली असतील, तर तो फॉन्ट हाताशी आहे तोवर युनिकोडात उतरवून घ्या. मोडी वाचणारी माणसं आजही भेटतात. त्या फाइली फॉन्टशिवाय कोण वाचणार?