राहिलेल्या गावांची वही

आमच्या घरात देव्हाऱ्याखालच्या खणात एक वही आहे. पुठ्ठा लाल, त्यावर तेलाचे डाग, आणि आतली पानं म्हणजे जुन्या बिल्ट्यांच्या कोऱ्या पाठी दाभणानं शिवलेल्या. वर दादांच्या अक्षरात लिहिलंय : ‘राहिलेली गावे’. उधारीची वही हरवली तर दादा एवढे ओरडले नसते, जेवढे एकदा मी या वहीचं पान फाडून होडी केली तेव्हा ओरडले.

दादा ट्रकवर ड्रायव्हर. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. जमीन होती, पण विहिरीला पाणी नव्हतं. म्हणून 1974 साली ते क्लीनर म्हणून गाडीवर चढले, आणि पुढं स्टेअरिंग हातात आलं ते तीस वर्षं सुटलं नाही. कांदा भरायचा आणि आग्रा रोडनं वर जायचं. चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर. तेव्हा त्या रस्त्याला तीन नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. लोक म्हणायचे, दादांनी अर्धा मुलूख पाहिला. दादा म्हणायचे, “पाह्यला कुठं? काचंतून दिसला. कांदा नासतो बाबा, तो थांबू देत न्हाई.”

म्हणून वही. गाडी चहाला थांबली की दादा खिशातलं पेन काढून लिहायचे. नोंदी अशा :

‘सोनगीर. डोंगरावर किल्ला, रोडवरून दिसतो. पायथ्याला गाडी लागते. चढायला वेळ पाहिजे.’

‘सेंधवा. गावात किल्ला. भिंत शाबूत. भरली गाडी आत नेऊ नये.’

‘चांदवड. रंगमहाल. हिनं पाहिला आहे, मी नाही.’

प्रत्येक नोंदीत ‘गाडी लागते’ किंवा ‘गाडी लागत नाही’ हे असायचंच. लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. देऊळ कसलं, किल्ला कुणाचा, ते सोडून गाडीचं काय घेऊन बसलेत!

पुढं कॉलेजात मराठी शिकताना महानुभावांच्या ‘स्थानपोथी’शी गाठ पडली आणि मला ही वही आठवली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर फिरले. जिथं बसले, जेवले, निजले ती ठिकाणं त्यांच्या मागं विसरली जाऊ नयेत म्हणून मुनी व्यासांनी चौदाव्या शतकात ती हिंडून शोधली आणि लिहून ठेवली. त्यात वर्णनाचा डौल नाही. गावाच्या कुठल्या अंगाला देऊळ, त्याचं दार कुठल्या दिशेला, तिथून स्थान कुठं, एवढंच. वाचणाऱ्याला तिथं पोचता आलं पाहिजे, बस. दादांना ही पोथी ठाऊक नव्हती, पण नोंद कशासाठी करायची हे नेमकं ठाऊक होतं.

उत्तरेच्या वाटेवरचं दुसरं एक पुस्तक पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचं. 1857 साली दक्षिणेच्या आशेनं ते उत्तरेकडं निघाले आणि महूपाशी बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा, लूटमार, काशी, अयोध्या, सगळं पाहून घरी आले. पुष्कळ वर्षांनी आठवून आठवून लिहिलं. ते ‘माझा प्रवास’ या नावानं 1907 साली छापलं गेलं. पण ही जाऊन आलेल्यांची पुस्तकं. रोज बाजूनं जाऊनही ज्याला उतरता आलं नाही, त्याच्या प्रवासाची बखर कोण लिहिणार? ती बिल्टीच्या पाठीवरच राहायची.

वहीत एक नोंद दोनदा आहे. ‘धामणोद. उजव्या हाताला फाटा. महेश्वर. नर्मदा, घाट, अहिल्याबाई. हिला आणायचं.’ काही पानांनंतर पुन्हा तीच, फक्त वर जोडलेलं : ‘नर्मदा ओलांडली की मग.’

आईचं माहेर चांदवडजवळ. होळकरांच्या रंगमहालापाशी तिचं बालपण गेलेलं. अहिल्याबाईंचा दरबार नर्मदेकाठी महेश्वरला होता आणि आपला नवरा त्या फाट्यावरून जातो, हे कळल्यापासून ती म्हणायची, “एकदा मलाबी ट्रकात बसवा की.” फाट्यापासून गाव बारा-तेरा किलोमीटर. दादा खलघाटच्या पुलावरून जाताना दर खेपेला तिच्या नावानं खिडकीतून नर्मदेत नाणं टाकायचे. आई 2009 साली गेली. किती नाणी झाली असतील, कोण मोजणार?

2016 च्या हिवाळ्यात मी दादांना मोटारीत बसवलं आणि वही घेऊन निघालो. धुळ्याच्या पुढं माझा गोंधळ उडाला. रस्ता चौपदरी झालेला, महामार्गांचे नंबर बदललेले, गावं बायपासच्या आड गेलेली. दादांनी लिहिलेले पिवळ्या डोक्याच्या दगडांवरचे आकडे जुळेनात. ‘सरदारजीच्या हाटेलापुढं’ म्हणावं तर हॉटेल नाही. ‘लिंबाच्या झाडापाशी’ म्हणावं तर लिंब रुंदीकरणात गेलेला. मी फोनवर नकाशा उघडला. दादा म्हणाले, “आकडा बदलतो रं. नदी बघ, घाट बघ. सोनगीरचा डोंगर कोण हलवणार हाय?”

खरंच, वहीतल्या ज्या नोंदी नदी, डोंगर, देवळाच्या आधारानं होत्या त्या सगळ्या लागल्या. दुकानांच्या आधारानं होत्या त्या वाया गेल्या. खलघाटचा पूल आला. दादांनी काच खाली केली, पण नाणं टाकलं नाही. म्हणाले, “आज टाकायचं काय? आज उतरायचंय.” नर्मदा ओलांडली की मग धामणोद, उजव्या हाताला फाटा. बरोबर लागला.

महेश्वरच्या घाटावर दादा दुपारभर एका पायरीवर बसून होते. मागं होळकरांचा वाडा, पुढं संथ पाणी. कपडे धुणाऱ्या बायका, होड्या. मी विचारलं, “किल्ला वरनं बघायचा?” तर मान हलवली. उन्हं उतरल्यावर म्हणाले, “पेन दे.”

मला वाटलं, नोंदीवर रेघ मारतील. पाहिलेल्या गावावर ते रेघ मारायचे. तसल्या रेघा वहीत मोजून सात. पण रेघ मारली नाही. नोंदीखाली, कापऱ्या अक्षरात, एवढंच लिहिलं :

‘गाडी लागते. पायऱ्या रुंद आहेत. बाईमाणसाला उतरायला त्रास नाही.’