सरमेची वंशज

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सरमा आणि पणी यांचा संवाद आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी, मुळात नसला तरी भाषांतरात, वाचला असेल. पणींनी गाई पळवून डोंगराच्या पोटात दडवून ठेवल्या. त्यांचा ठाव काढण्यास इंद्राने कोणा वीरास न धाडता सरमा नावाच्या कुत्रीस धाडले. ती रसा नदी ओलांडून पलीकडे गेली आणि पणींपुढे निर्भयपणे उभी राहिली. आमची बहीण होऊन राहा, गाईंतला वाटा घे, असे त्यांनी पुष्कळ आर्जव केले. पण ती बधली नाही. हरवलेल्या जनावराचा शोध दुसऱ्या जनावराने लावावा, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती मात्र काव्यातली नसून इतिहासातली आहे. तिचे स्थळ लंडन, काळ १९४० सालचा, आणि नायिका ब्यूटी नावाची राठ केसांची एक लहानशी टेरिअर कुत्री.

ही हकीकत नीट समजण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागते. १९३९ च्या उन्हाळ्यात युद्ध अटळ दिसू लागले, तेव्हा हवाई हल्ल्यांपासून जनावरांचे रक्षण व्हावे म्हणून नेमलेल्या राष्ट्रीय समितीने नागरिकांसाठी एक सूचनापत्र काढले. पाळीव जनावरे शक्य तर खेडेगावी पाठवावी, आणि तशी सोय नसेल तर त्यांना मारून टाकणे हीच खरी दया, असा त्यातील सल्ल्याचा मथितार्थ होता. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले. पुढील दिवसांत पशुवैद्यांच्या दारांशी रांगा लागल्या. कोणाच्या काखेत टोपली होती, कोणाच्या हातात दोरी. या प्रकरणाचा कसून शोध घेणाऱ्या इतिहासकार हिल्डा कीन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पहिल्या आठवड्याचा लंडनपुरता आकडा सुमारे चार लाख दिला आहे. शहरातील कुत्र्यामांजरांपैकी चौथा हिस्सा अशा रीतीने नाहीसा झाला.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, यासाठी सरकारचा हुकूम निघालेला नव्हता आणि लंडनवर बाँबही पडू लागले नव्हते. लोक क्रूरही नव्हते. भीती होती. विषारी वायूची, उपासमारीची, मुलांना दूरदेशी पाठवल्यावर मागे उरणाऱ्या सुन्या घराची. त्या भीतीला कोणीतरी दयेचे नाव दिले, आणि मग तिला आडकाठी राहिली नाही. मनुष्य निर्दयपणे जे करण्यास धजत नाही ते दयेच्या नावाने सहज करून मोकळा होतो, हा इतिहासाचा जुना धडा येथे पुन्हा एकदा गिरवला गेला.

या कामात ज्यांचे हात गुंतले त्यांत एक संस्था अशी होती की, जिचा जन्मच जनावरांना जगविण्यासाठी झाला होता. मारिया डिकिन या बाईंनी १९१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत, एका तळघरात, गरिबांच्या आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. तोच पुढे पी. डी. एस. ए. या नावाने देशभर पसरला. त्या दवाखान्यांच्या दाराशीही १९३९ च्या सप्टेंबरात माणसे आपली निरोगी जनावरे घेऊन उभी राहिली, आणि ती परत गेली ती मोकळ्या हातांनी.

वर्षभराने, ७ सप्टेंबर १९४० रोजी, ज्याची धास्ती होती ते संकट खरोखरच आले. त्या दिवसापासून सत्तावन रात्री लंडनवर ओळीने बाँब पडत राहिले. सार्वजनिक आश्रयस्थानांत जनावरांना प्रवेश नव्हता, त्यामुळे कित्येक कुत्रीमांजरे घरीच राहिली आणि घराबरोबर गाडली गेली. पी. डी. एस. ए. ने आता आपली बचाव-पथके रस्त्यावर उतरवली. फावडी, दोर, पिंजरे घेऊन ही माणसे ढिगारे उपसू लागली. काल ज्या हातांनी सुया टोचल्या तेच हात आज विटा उचलीत होते. हा पालट आम्हांस त्या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

अशा एका पथकाचे प्रमुख बिल बार्नेट हे होते. ब्यूटी ही त्यांचीच कुत्री. सोबत म्हणून ते तिला बरोबर नेत. तिला कसलेही शिक्षण मिळालेले नव्हते. एका रात्री पथक एका जमीनदोस्त इमारतीपाशी खपत असता ब्यूटी एकीकडे जाऊन पंजांनी माती उकरू लागली. प्रथम कोणी लक्ष दिले नाही. पण ती हटेना, तेव्हा माणसे फावडी घेऊन तिच्या मदतीस गेली. थोडे खणताच खाली एक टेबल लागले, आणि त्या टेबलाच्या आडोशाला एक जिवंत मांजर सापडले. त्या रात्रीपासून ब्यूटी सोबतीण न राहता शोधपथकाची खरी वाटाडी झाली. पुढे तिच्या खात्यावर त्रेसष्ट जनावरांची सुटका जमा आहे.

यात चमत्कार काहीच नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. टेरिअर हे नावच भूमिवाचक लॅटिन शब्दावरून आलेले आहे. बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढावे, उंदीरघुशींचा फडशा पाडावा, यासाठी इंग्रज शेतकऱ्यांनी व शिकाऱ्यांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. कुत्र्याच्या नाकातील गंधग्राहक पेशी वीस-तीस कोटींच्या घरात मोजतात; आपल्या अर्ध्या कोटीच्या आसपास. चुना, धूर आणि ओली राख यांच्या दर्पातून, विटांच्या फटींवाटे वर येणारा जिवंत प्राण्याचा गंध ब्यूटी वेगळा काढी तो या बळावर. म्हणजे जी उपजत बुद्धी जमिनीखालचा जीव मारण्यासाठी घडविली होती तीच येथे जमिनीखालचा जीव तारण्यास उपयोगी पडली. शस्त्र तेच, हेतू बदलला. हे मनुष्याच्या शस्त्रांविषयी म्हणता आले असते तर १९४० साल तसे उगवलेच नसते!

ब्यूटीचा गौरवही झाला, आणि त्यात इंग्रजी विनोदबुद्धी दिसते. मोठ्या पुरुषाला शहराचे स्वातंत्र्य बहाल करण्याची तिकडे चाल आहे. त्याच धर्तीवर ब्यूटीला हॉलंड पार्क या उद्यानाचे आणि तेथील यच्चयावत्‌ वृक्षांचे स्वातंत्र्य देण्यात आले. झाडाचा कुत्र्याला उपयोग काय, हे वाचकांस सांगावयास नको. काचा आणि विटा उकरून पंजे सोलवटत म्हणून तिला चामड्याचे बूटही मिळाले. जनावरांच्या युद्धकालीन शौर्यासाठी मारिया डिकिन यांनी १९४३ मध्ये जे पदक सुरू केले ते ब्यूटीस १२ जानेवारी १९४५ रोजी देण्यात आले.

तिच्याच काळी लंडनच्या पॉप्लर भागात रिप नावाचा एक बेवारशी कुत्रा हवाई-हल्ला-रक्षकांच्या आश्रयास आला होता. तोही अशिक्षितच, पण शंभरावर माणसे त्याने हुडकून दिली. अशा अनुभवांनी अधिकाऱ्यांचे डोळे उघडले, आणि युद्धाच्या अखेरच्या काळात या कामासाठी कुत्री रीतसर शिकविण्यात आली. १९४४ नंतर जेट, इर्मा ही शिकवलेली अल्सेशियन कुत्री ढिगाऱ्यांवर काम करू लागली. इतिहासात पुष्कळदा असे होते. विद्या आधी अंगणात जन्मते, शाळा तिच्यामागून निघते.

येथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. माणसे हजारांनी मरत असता मांजरांचे हे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि माणूस आधी यात आम्हांस शंका नाही. पण घर, भांडीकुंडी, शेजार एका रात्रीत गेलेल्या बाईला ढिगाऱ्याखालून तिचे मांजर जिवंत परत मिळाले, तर तिला काय मिळाले? केवळ एक मांजर नव्हे. कालच्या आयुष्याचा एकमेव साक्षीदार तिला परत मिळाला. दुःखाला धीर द्यायला पुष्कळदा अशी क्षुद्र दिसणारी वस्तूच लागते. शिवाय दया ही पाणीपुरवठ्यासारखी मोजून वाटावयाची चीज नाही. एका प्राण्याला दिली म्हणून दुसऱ्याची कमी पडत नाही. उलट १९३९ चा अनुभव हेच सांगतो की, ती एका ठिकाणी आटली की सर्वत्र आटू लागते.

ब्यूटीचे काम आज स्वतंत्र धंदा बनले आहे. अमेरिकेत कॅट आल्ब्रेक्ट या पोलीस-नोकरीत असलेल्या बाईंचा स्वतःचाच ब्लडहाउंड १९९६ मध्ये हरवला. दुसऱ्या शिकवलेल्या कुत्र्याने तो शोधून दिला, आणि त्यावरून हरवलेली पाळीव जनावरे हुडकणारी कुत्री तयार करण्याचा उपक्रम त्यांनी हाती घेतला. इंग्लंडमध्ये कॉलिन बुचर या माजी पोलीस अधिकाऱ्याची मॉली ही स्पॅनिअल कुत्री अशीच प्रसिद्धीस आली. मांजराच्या अंथरुणावरील केस तिला हुंगवावयाचे. मग इतर सर्व मांजरांचे गंध वगळून त्या एकाच गंधाचा माग ती काढी. मांजर सापडले की भुंकावयाचे नाही, मुकाट्याने जमिनीवर पडून खूण करावयाची, हे तिला मुद्दाम शिकविलेले होते. कारण भेदरलेले मांजर आवाजाने पुन्हा पळेल. सापडलेल्याला न भिवविता सापडविणे, ही या विद्येची परिपक्वता होय.

ब्यूटी १९५० साली वारली. लंडनजवळ इलफर्ड येथे पी. डी. एस. ए. च्या प्राणि-स्मशानात, रिपच्याच भूमीत, तिला पुरले आहे. एका पारड्यात चार लाख आणि दुसऱ्यात त्रेसष्ट. हिशेब जुळत नाही, आणि तो जुळतो असे भासविणे हा इतिहासाचा धर्म नव्हे. पण त्या चार लाखांविषयी शहराने पुढे कित्येक वर्षे मौनच बाळगले, आणि त्रेसष्टांची आठवण मात्र दगडावर कोरून ठेवली. आमच्या मते दोन्ही आकडे एकत्रच वाचले पाहिजेत. पहिला सांगतो की भयभीत मनुष्य आपल्या आश्रितास किती लवकर सोडतो. दुसरा सांगतो की त्याच आश्रितांपैकी एक, कोणी न सांगता, विटा उकरू लागते. सरमेने पणींची लाच नाकारली याचे आम्हांस लहानपणी नवल वाटे. आता वाटत नाही.