पडद्यावरचा बाण

संगणकाच्या पडद्यावरचा तो इवलासा बाण आपण रोज पाहतो. पण तो तिरका का, असे कधी मनात आले आहे का? १९६८ साली डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रॅन्सिस्कोत माऊस जगाला दाखविला, तेव्हा बाण सरळ वर पाहत होता. पुढे झेरॉक्सच्या संशोधकांना असे दिसले, की मोजक्या ठिपक्यांत सरळ बाण नीट उठत नाही. म्हणून तो कलता झाला.

रांगोळीच म्हणा ना ही! १९८४ च्या मॅकिंटॉशवर बाणासाठी १६ ओळींत १६ ठिपके, म्हणजे २५६ घरे. कोणते काळे, कोणते पांढरे, कोणते मोकळे, हे ठरवायचे. आणि एक ठिपका टोक म्हणून नेमायचा. मग मांजर काढा की विमान. तो ठिपका चुकला, की टिचकी भलतीकडेच लागते.

स्क्रीन सेव्हरची कथा निराळी. जुन्या काचनळीच्या पडद्यावर तीच अक्षरे तासन्‌तास राहिली, की आतला फॉस्फर झिजे आणि डाग कायमचा उमटे. १९८३ साली जॉन सोचा यांनी उपाय काढला: तीन मिनिटे कोणी कळ दाबली नाही, की पडदा काळा. १९८९ मध्ये ‘आफ्टर डार्क’ आले आणि त्या काळोखात पंखवाले टोस्टर उडू लागले.

एलसीडी पडद्याला ते भय फारसे नाही. पडदा सरळ बंद केला तर वीजही वाचते. मग ही हौस कशाला? अहो, पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, ती काही नांगर खोल जावा म्हणून नव्हे!