नांगर शेतातला, नांगर समुद्रातला



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वह्या मिटल्या, चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. आमच्या गटात देवगडकडून आलेली एक सून आहे. ती माहेरची आठवण सांगत होती, "वारं वाढलं तसा बाबांनी खाडीत नांगर टाकला." आमच्यातल्या एक मावशी चमकल्या. म्हणाल्या, "अगं, पाण्यात नांगर कशाला टाकला? तिथं काय पेरायचं होतं?" सगळ्या पोट धरून हसल्या. मग त्या सुनेनं समजावलं की होडी वाऱ्यानं वाहून जाऊ नये म्हणून लोखंडी आकडा तळाशी टाकतात, त्यालाही नांगरच म्हणतात.

हसणं संपलं, पण तो शब्द आमच्या डोक्यात राहिला. आमच्या दुष्काळी भागात आम्ही एकच नांगर ओळखतो. दुसऱ्या नांगराची गोष्ट काय आहे, ती आम्ही शोधली, वाचली, जाणत्यांना विचारली. तीच आज सांगतो.

आधी शब्दाचं. शेतातल्या नांगराचं मूळ संस्कृतातल्या 'लांगल' या शब्दात आहे. जहाजाच्या नांगराला फारसीत आणि हिंदीत 'लंगर' म्हणतात. आपल्या मराठीत मात्र दोन्हींना एकच नाव. एक माती उलथतो, दुसरा मातीत रुतून बसतो. दोघांचं काम उलटं वाटतं, पण पुढं ऐका, दोघांची रीत एकच आहे.

माणूस पाण्यात होडी घालायला लागला तेव्हापासून तिला थांबवायची अडचण आली. सुरुवातीला दगड होता. दोर बांधायचा आणि दगड सोडायचा. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना गुजरातेत द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रतळाशी असे कितीतरी दगडी नांगर मिळाले आहेत. त्यातले काही तिकोनी आहेत. वरच्या निमुळत्या बाजूला एक भोक, ते दोरासाठी. खालच्या रुंद बाजूला दोन भोकं, त्यात लाकडाचे सुळे ठोकायचे. म्हणजे त्या काळच्या खलाशांनाही कळलं होतं की नुसतं वजन पुरत नाही, तळात रुतणारं काहीतरी हवं. पुढं लोखंड आलं, दोन बाजूंना वाकलेले आकडे आले, आणि एक आकडा तळात नक्की घुसावा म्हणून वर आडवी दांडी आली.

हा लोखंडी नांगर मोठ्या गलबताला चालायचा, तिथं ओढायला वीस हात असायचे. छोट्या शिडाच्या नौकेवर दोन-तीन माणसं. जड नांगर हातानं वर ओढताना कंबर मोडायची. शिवाय एक आकडा तळात गेला की दुसरा वर उभा राहायचा. रात्री वारा फिरला, नौका गोल फिरली, की साखळी त्या वरच्या आकड्यात अडकायची आणि नांगर उपटून यायचा.

यावर तोड काढली ती इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका शास्त्रज्ञानं. त्यांचं नाव जेफ्री इन्ग्राम टेलर. वारा आणि पाणी कसं वाहतं याचा ते अभ्यास करत, आणि स्वतः शिडाची नौकाही हाकत. १९२७ साली पत्नी स्टेफनी आणि एका मित्राला घेऊन ते आपल्या 'फ्रोलिक' नावाच्या नौकेतून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांपर्यंत गेले होते. त्यांनी १९३३ साली नव्या नांगराची रचना केली. आणि मैत्रिणींनो, त्याला आकार कशाचा दिला? शेतातल्या नांगराच्या फाळाचा! दोन बाजूंना पाती असलेला, टोकदार फाळ. इंग्रजीतही त्याला नांगराच्या आकाराचा नांगर असंच म्हणतात. त्याचं विक्रीचं नाव 'सीक्यूआर'. ही तीन अक्षरं भरभर म्हटली की इंग्रजीतल्या 'सुरक्षित' या अर्थाच्या शब्दासारखी ऐकू येतात.

या टेलरांच्या आजीचं नाव मेरी एव्हरेस्ट बूल. आपल्या देशाची मोजणी करणाऱ्या ज्या जॉर्ज एव्हरेस्ट साहेबाचं नाव हिमालयाच्या शिखराला दिलं, त्यांची ती पुतणी. १८६४ साली पती गेले तेव्हा तिच्या पदरात पाच मुली होत्या. तिनं ग्रंथालयात नोकरी धरली, मुलांना गणित सोपं करून शिकवलं, त्यावर पुस्तकं लिहिली. त्या पाचांतल्या मार्गारेटचा मुलगा म्हणजे हे टेलर. पाच मुलींना घेऊन एकटीनं संसार ओढणं म्हणजे काय, ते आपल्यातल्या अनेकींना सांगायला नको.

आता हा नांगर धरतो कसा? ज्यांनी नांगरट पाहिली आहे त्यांना चटकन कळेल. फाळ मातीत घुसतो तो नुसत्या वजनानं नाही. बैल पुढं ओढतात, फाळाला कोन असतो, म्हणून तो खाली जातो. ओढ वर गेली की फाळ वर येतो, आणि तास उथळ पडतं. समुद्रात अगदी हेच. नौका साखळीला आडवं ओढते तोवर नांगर आणखी खोल रुततो. ओढ वरच्या दिशेनं आली की तो उपटला जातो. नांगर उचलायचा असतो तेव्हा नौका बरोबर त्याच्या डोक्यावर आणून साखळी सरळ वर ओढतात, ती याचसाठी.

म्हणून सगळं साखळीच्या लांबीवर आहे. साखळी भरपूर सोडली तर तिचा बराच भाग तळावर आडवा पडून राहतो आणि ओढ आडवी राहते. दर्यावर्दी लोकांचा हिशेब असा: पाण्याच्या खोलीत नौकेच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची मिळवायची आणि जे येईल त्याच्या निदान ५ पट साखळी सोडायची. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर ७ पट.

आपण गणित करून पाहू. ओहोटीला पाणी ४ मीटर. नौकेचं टोक १ मीटर उंच. झाले ५. पाचपट म्हणजे २५ मीटर साखळी. बरोबर वाटतं ना? पण थांबा. सहा तासांनी भरती येणार आणि पाणी ३ मीटर चढणार. मग खोली ७ आणि टोक १, झाले ८. आठाची पाचपट ४० मीटर. आपण सोडली २५. म्हणजे तिपटीच्या थोडीच वर. संध्याकाळी निवांत उभी असलेली नौका मध्यरात्री भरतीला, वारा वाढला की, घसरायला लागते. चूक संध्याकाळी झालेली असते, कळते मध्यरात्री. म्हणून हिशेब समोर दिसणाऱ्या पाण्याचा करायचा नाही, येणाऱ्या सगळ्यात मोठ्या पाण्याचा करायचा.

बाकीची रीतही पाहू. आधी तळ ओळखायचा. वाळू आणि घट्ट चिखल चांगला, गुळगुळीत खडकावर नांगर टिकत नाही आणि फटीत गेला तर निघत नाही. जुन्या काळी शिशाच्या वजनाला दोर बांधून खोली मोजत. त्या वजनाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत. तळाला टेकवून वर काढलं की चरबीला वाळू चिकटली की चिखल, ते दिसे. मग नौकेचं तोंड वाऱ्याकडं करून ती थांबवायची. नांगर फेकायचा नाही, हळू सोडायचा. साखळीचा ढीग एका जागी पडू द्यायचा नाही. वारा नौका मागं नेईल तशी साखळी सोडत जायची. शेवटी नौका हळूहळू मागं ओढून नांगर रुतला की नाही ते पाहायचं. साखळीवर हात ठेवला तर कळतं. नांगर घसरत असेल तर हाताला खडखड जाणवते.

मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, समजा पुढं माड आणि मागं देवळाचा कळस. त्या जागच्या सरकल्या की नौका फिरते आहे की घसरते आहे ते लगेच तपासायचं. आजूबाजूच्या नौकांना आपण गोल फिरलो तरी धक्का लागणार नाही एवढी जागा ठेवायची. आणि वारा असेल त्या रात्री पाळीपाळीनं कुणीतरी जागं राहायचं.

आता या दोन्ही नांगरांतलं आणखी एक सारखेपण. दोन्ही बाईच्या हाताला वर्ज्य. आपल्याकडं बाई पेरते, खुरपते, काढणी करते, मळणी करते, पण नांगराच्या रुमण्याला तिनं हात लावायचा नाही. लावला तर पाऊस जातो म्हणे. कोळीवाड्यात बाई मासळी विकते, पैशाचा व्यवहार तिच्याच हातात, पण होडी घेऊन दर्यात जायचं ते पुरुषानंच. आमच्याच गटातल्या एका ताईंचे मालक गेले त्या वर्षी त्यांची नांगरट कुणी वेळेत करून देईना. ज्याच्या त्याच्या शेताची घाई. तीन आठवडे वाट पाहून त्यांनी दिराकडून बैल मागून आणले आणि स्वतः रुमणं धरलं. लोक बांधावर येऊन बघत होते. एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. त्या वर्षी पाऊस सगळ्यांच्या शेतात पडला तेवढाच त्यांच्याही शेतात पडला.

समुद्रातही बायकांनी रुमणं धरलं आहे. पोलंडच्या क्रिस्तिना खोयनोव्स्का-लिस्किएविच यांनी १९७६ ते १९७८ या काळात शिडाच्या नौकेतून एकटीनं पृथ्वीला फेरी घातली. असं करणारी ती जगातली पहिली स्त्री. आपल्या गोव्यात मांडवीच्या पाण्यात दिवाडी बेट आहे. तिथल्या कारखान्यात बांधलेली 'तारिणी' ही नौका २०१७ साली नौदलात आली. १० सप्टेंबर २०१७ ला सहा महिला अधिकारी ती घेऊन गोव्याहून निघाल्या: वर्तिका जोशी या प्रमुख, आणि प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजया देवी, पायल गुप्ता. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं, दक्षिण आफ्रिका असे थांबे घेत, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडून २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परत आल्या. अंतर सुमारे २१,६०० सागरी मैल, म्हणजे ४०,००० किलोमीटर. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली तेव्हा त्यांनी मॉरिशसच्या बंदरात जाऊन दुरुस्ती केली आणि मगच पुढं निघाल्या. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना आणि रूपा या दोघीच तीच नौका घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला फेरी पूर्ण करून आल्या.

तुम्ही विचाराल, भर समुद्रात वादळ आलं तर नांगर टाकतात का? नाही. तिथं पाणी तीन-चार हजार मीटर खोल. एवढी साखळी कोणत्याच नौकेवर नसते. तिथं शिडं लहान करायची. त्यातला नियम असा की शीड लहान करावं का, असा विचार मनात पहिल्यांदा येईल तीच ते करायची वेळ. वाट पाहिली की वारा वाढतो आणि मग शीड हातात येत नाही. फारच झालं तर पुढचं शीड उलट्या बाजूला ताणून आणि सुकाणू बांधून नौका जवळजवळ जागच्या जागी ठेवतात. आणखी एक उपाय म्हणजे कापडाचा नांगर. मोठ्या छत्रीसारखं मजबूत कापड दोराला बांधून पाण्यात सोडायचं. ते तळाला पोचत नाही, पाण्यालाच धरतं आणि नौकेचा वेग आवरतं.

हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा त्या भरतीच्या हिशेबाशी आम्ही अडखळलो. कारण ती चूक आम्ही केली आहे. एका चांगल्या पावसाच्या वर्षी आमच्या गटानं सगळी बचत कर्जानं वाटून टाकली. हप्ते वेळेवर येत होते, पेटीत पैसे पडून का ठेवायचे, असं आम्हीच म्हणालो. पुढच्या वर्षी पाऊस गेला. हप्ते थांबले, आणि त्याच महिन्यात एका मैत्रिणीच्या लेकीला बाळंतपणात दवाखान्यात न्यावं लागलं. पेटीत काही नव्हतं. तिनं कानातलं गहाण ठेवलं. लेक आणि बाळ सुखरूप आहेत, पण ते कानातलं सुटलं नाही. आम्ही पाणी उथळ असताना साखळी मोजली होती. त्यानंतर आम्ही ठराव केला की बचतीचा पाचवा हिस्सा कर्जात जाणार नाही, तो अडचणीसाठीच राहील. आणि दर बैठकीला एकीनं उभं राहून विचारायचं, आपल्या दोन खुणा जागेवर आहेत का? आमच्या खुणा म्हणजे थकलेले हप्ते आणि पेटीतली रक्कम.

पुढच्या बैठकीत तुम्हीही तुमच्या वहीवर हा हिशेब मांडून पाहा. दोन वर्षं पाऊस नाही असं धरा आणि पाचपट कितपत भरते ते बघा. कमी भरलं तर लाजू नका, आत्ताच साखळी सोडा.

आणि हो, नांगर धरलेल्या त्या ताई आज इथं शेजारी बसल्या आहेत. त्यांनी तारिणीचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाळी कशी लावत होत्या गं, झोपायची?" खलाशी बायकांचा प्रश्न शेतकरी बाईला बरोबर सुचला. तुमच्यापैकी कुणाचं माहेर समुद्राकडचं असेल, तर तिकडचे नांगराचे शब्द आणि रीती आम्हाला रेडिओवर येऊन सांगा. आम्ही वाट पाहतो. रामराम.