एअरलेस फवारणी : उपकरण आणि त्याची सुरक्षित हाताळणी

रंग, अस्तर किंवा दुसऱ्या एखाद्या लेपद्रव्यात हवा न मिसळता, थेट त्या द्रवावरच मोठा दाब देऊन बारीक छिद्रातून तुषाररूपाने उडवण्याची पद्धत. तिला ‘वायुविरहित फवारणी’ म्हणता येईल. पण रंगाऱ्यांपासून कंत्राटदारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘एअरलेस’ हाच शब्द रुळला असल्याने या नोंदीत तोच ठेवला आहे. इमारतींच्या भिंती, पत्र्याच्या शेड, पूल, साठवणटाक्या आणि जहाजांचे तळ रंगवण्यासाठी ही पद्धत वापरतात. ब्रशने दोन दिवस लागणारी भिंत तिने तासा-दोन तासांत होते. म्हणून ती पसरली आणि तिच्याबरोबर एक वेगळ्याच जातीचा अपघातही पसरला.

उपकरणाची रचना साधी आहे. बादलीतला रंग दट्ट्याचा पंप खेचून घेतो आणि गाळणीतून, लांब नळीतून गनपर्यंत ढकलतो. गनच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडची ‘टिप’ असते. तिच्या डोळ्याच्या आकाराच्या छिद्रातून रंग आधी पातळ पडद्यासारखा बाहेर येतो. समोरच्या स्थिर हवेवर आपटून त्या पडद्याच्या चिंध्या होतात आणि चिंध्यांचे थेंब. टिपेवरचा आकडा वाचता येणे ही या कामातली पहिली अक्षरओळख. 517 मधल्या 5 ची दुप्पट, म्हणजे 10 इंच, हा 12 इंचांवरून मिळणाऱ्या पट्ट्याचा पन्हा. 17 म्हणजे छिद्र 0.017 इंच, सुमारे 0.43 मिमी. इंजेक्शनची बारीक सुई साधारण एवढ्याच जाडीची असते. हा योगायोग पुढे पुन्हा आठवावा लागेल.

मोटारीच्या टायरात साधारण 2.2 बार दाब असतो. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या नेहमीच्या स्प्रेगनच्या तोंडाशी हवेचा दाब 2 ते 3.5 बार. एअरलेस यंत्रात रंगाचा दाब मात्र सामान्यतः 100 ते 230 बार आणि जड इपॉक्सी किंवा जस्तयुक्त लेपांसाठी 500 बारपर्यंतही जातो. माणसाची त्वचा भेदायला 7 बारच्या आसपासचा दाब पुरतो, असे वैद्यकीय लेखनात सर्रास धरले जाते. 200 बार दाबाखालचा रंग छिद्रातून सुटतो तेव्हा त्याचा वेग, घर्षण सोडून हिशेब केला तर, ताशी 650 किमीच्या घरात निघतो. टिपेपासून हातभर अंतरावर याच रंगाचे निरुपद्रवी धुके झालेले असते. टिपेला बोट टेकले तर तीच सुई. हातमोजा, चिंधी, कापडाचा बोळा यांतले काहीही तिला अडवत नाही.

हवेवर चालणाऱ्या पंपांत आणखी एक चकवा आहे. अशा पंपाच्या वरच्या भागात मोठा दट्ट्या हवेने ढकलला जातो आणि खाली त्यालाच जोडलेला लहान दट्ट्या द्रव दाबतो. दोघांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने दाब वाढतो. 65:1 गुणोत्तराच्या पंपाला 6 बार हवा दिली की द्रवाला मिळतात 390 बार. तबकडीवर काटा दिसतो तो 6 वर, आणि माणूस 6 बारच्या बेताने वागतो. मोटार कारखान्यांत पिंपातले घट्ट सीलंट किंवा चिकटद्रव्य रोबोटपर्यंत पोचवणारे ड्रम पंप याच तत्त्वावर चालतात. तिथे नवख्या कामगाराला पहिल्या दिवशी हे गुणोत्तर पाठ करून घ्यायला हवे. बाकीच्या सूचना नंतर दिल्या तरी चालेल.

एअरलेसची मुळे वंगणाच्या धंद्यात सापडतात. रसेल ग्रे यांनी 1926 मध्ये अमेरिकेतील मिनीॲपोलिस इथे काढलेली ग्रे कंपनी, आजची ग्रॅको, हवेच्या जोरावर चालणाऱ्या ग्रीस गनपासून सुरू झाली. मिनेसोटाच्या थंडीत गोठलेले ग्रीस हाताच्या गनने भरणे जिकिरीचे होते. ओहायोतील नॉर्डसन कंपनीने 1954 मध्ये तापवलेला रंग एअरलेस पद्धतीने उडवण्याची पेटंटे घेतली. वैद्यकीय नोंदीचा धागा याहून जुना आहे : डिझेल इंजिनातील इंधनतेल दाबाखाली शरीरात शिरल्याचा वृत्तांत 1937 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. म्हणजे एअरलेस गन बाजारात येण्यापूर्वीच तिच्यापासून होणाऱ्या इजेचे वर्णन छापून आलेले होते.

ही इजा फसवी असते. बहुतेक वेळा ती होते डाव्या हाताच्या तर्जनीला, कारण उजव्या हातात गन असते आणि चोंदलेली टिप पुसायला डावा हात पुढे येतो. (डावखुऱ्यांत अर्थातच उलट.) टाचणी टोचावी एवढे भोक दिसते, कधी रक्ताचा थेंबही नसतो. सुरुवातीला दुखत नाही किंवा बोट नुसते बधिर वाटते. माणूस हात धुतो आणि पुन्हा कामाला लागतो. आत मात्र द्रव वाट मिळेल तिकडे धावलेला असतो. बोट वाकवणाऱ्या स्नायुबंधाभोवती जे आवरण असते त्यातून तो तळहातापर्यंत सरकतो. अंगठा आणि करंगळीची आवरणे तर मनगटापर्यंत पोचतात. बोटात जागा किती असणार? कोंडलेल्या द्रवाने रक्तवाहिन्या दाबल्या जातात, द्रावक ऊती जाळतो, काही तासांत बोट सुजून फिके किंवा काळपट पडते आणि ठणका सुरू होतो. माणूस दवाखान्यात जातो तो बहुधा तेव्हा.

काय शिरले यावर पुष्कळ काही ठरते. थिनर, टर्पेंटाइन, डिझेल आणि तैलरंग सर्वांत घातक. पाण्यात मिसळणारे रंग त्या मानाने सौम्य, पण निर्धोक नव्हेत. ग्रीस हळू काम करते. वर्षांनंतरही त्याच्या गाठी राहू शकतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हाताच्या अशा 435 इजा तपासल्या, तेव्हा सुमारे 30 टक्के प्रकरणांत बोट किंवा त्याचा भाग काढावा लागल्याचे आढळले. सेंद्रिय द्रावक शिरलेल्यांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया 6 तासांच्या आत झाली त्यांच्यात हे प्रमाण ठळकपणे कमी होते.

म्हणून ‘टोचले आहे, टिंचर लावा’ हा सल्ला इथे बोटाच्या मुळावर येतो. भोक पिळून रंग बाहेर काढू नये, घट्ट पट्टी बांधू नये. अंगठी आणि घड्याळ लगेच काढावे, हात उंच धरावा, भूल द्यावी लागणार म्हणून खायला-प्यायला काही देऊ नये, आणि हाताची शस्त्रक्रिया जिथे होते अशा रुग्णालयात न्यावे. रंगाचा डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर न्यावे. आत काय गेले हे डॉक्टरला भोकाकडे बघून कळणार नाही. ‘कापले’ किंवा ‘लागले’ असे न सांगता ‘प्रेशरने रंग आत गेला’ असे स्पष्ट सांगावे, कारण अपघात विभागात ही जखम क्वचितच येते आणि दोन टाके घालून माणूस घरी पाठवला जाण्याचा धोका खरा आहे. बोटाच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देणेही टाळतात, कारण आधीच कोंडलेल्या जागेत त्याने आणखी द्रव पडतो. जखम उघडून, आतला माल खरवडून, बहुधा ती उघडीच ठेवावी लागते.

दाब उतरवणे : हे अपघात फवारताना कमी आणि थांबल्यावर जास्त होतात, टिप चोंदली, गाळणी बदलायची, दिवसअखेर यंत्र धुवायचे, अशा वेळी. पंपाचे बटण बंद केले की आवाज थांबतो, दाब थांबत नाही. नळी किंचित फुगलेली असते आणि ती रंगाला दाबून धरते. 15 मीटर नळी म्हणजे एक ताणलेला रबरी पट्टाच. गनच्या घोड्याला बोट लागेपर्यंत तो ताण तसाच राहतो, जेवणाची सुट्टी झाली तरी आणि दुसरा माणूस गन उचलायला आला तरी.

त्यामुळे बंद करणे आणि दाब उतरवणे ही दोन कामे मानावी लागतात. आधी घोड्याची कडी लावायची. पंप बंद करून वीज किंवा हवा तोडायची. हवेच्या पंपात तोडण्याची झडप अशी हवी, की ती पलीकडे अडकलेली हवाही सोडून देईल. मग दाब कमीत कमीवर आणून सोडझडप उघडायची. कडी काढून गनचे तोंड अर्थिंग केलेल्या धातूच्या बादलीच्या कडेला टेकवायचे आणि घोडा दाबून नळीतला दाब सोडायचा. कडी पुन्हा लावायची. सोडझडप काम पुन्हा सुरू होईपर्यंत उघडीच ठेवायची. ती लगेच बंद करण्याची घाई हीच इथली नेहमीची चूक.

एवढे करूनही काही बाहेर आले नाही तर दाब उतरला असे समजू नये. उलट तो चोंदलेल्या टिपेमागे किंवा नळीत तुंबला असण्याचाच संभव जास्त. अशा वेळी टिपेच्या संरक्षककड्याची चकती किंवा नळीचा जोड अगदी हळू, अर्धा-अर्धा आटा सैल करत दाब झिरपू द्यायचा आणि नंतरच पूर्ण उघडायचा. टिप चोंदली की ती अर्धवर्तुळात उलट फिरवून, टाकाऊ पुठ्ठ्यावर क्षणभर फवारून साफ करता येते. आजच्या बहुतेक टिपा तशाच बनवलेल्या असतात. तोंडाशी बोट नेण्याचे कारणच उरत नाही. तरी ते जाते, कारण थेंब लोंबताना दिसला की पुसावासा वाटतो. वर्षानुवर्षे ब्रश हाताळलेल्या माणसाला ही खोड सोडणे नवख्यापेक्षा जड जाते.

नळीवर बारीक ओल दिसली तर हात फिरवून गळती शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. गळणाऱ्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे गळती झाकणे. नळी आणि जोड पंपाच्या कमाल दाबाइतके तरी सोसणारेच हवेत. पिळलेली, गाडीखाली चेंगरलेली किंवा आतली जाळी दिसू लागलेली नळी फेकून द्यावी.

अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांत 1,000 पीएसआय, म्हणजे सुमारे 70 बार, किंवा त्याहून अधिक दाबाच्या एअरलेस गनसाठी घोड्याची कडी सक्तीची आहे. तिच्याऐवजी दोन गोष्टी एकत्र चालतात : टिप काढलेली असताना जोराची धार सुटू न देणारी चकती, आणि टिपेला बोट टेकू न देणारा संरक्षक. या संरक्षकाची पिवळ्या किंवा केशरी रंगाची, पुढे आलेली दोन ‘शिंगे’ अनेक ठिकाणी कोपऱ्यात गन घालताना अडचण होते म्हणून काढून ठेवलेली दिसतात. भारतात कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 31 ने वातावरणाहून अधिक दाबावर चालणाऱ्या संयंत्रात सुरक्षित दाबाची मर्यादा ओलांडली जाणार नाही यासाठी परिणामकारक उपाय योजण्याची जबाबदारी घातली. पण एअरलेस पंप बहुधा कारखान्यात नसतो, भाड्याने आणून चौथ्या मजल्यावर चढवलेला असतो.

आग : छिद्रातून वेगाने जाणारा द्रव स्थिर वीज निर्माण करतो. ज्वलनशील द्रावकाच्या वाफेत एक ठिणगी पुरते. पंप, गन आणि बादली या तिघांचेही अर्थिंग हवे, नळी वीजवाहक हवी, बादली प्लॅस्टिकची नको. थिनरने धुताना दाब कमीत कमी ठेवावा आणि पंप फवारणीपासून शक्य तितका दूर, मोकळ्या हवेत असावा. विजेच्या पंपाला तीन पिनांचा प्लग असतो. साइटवरच्या बोर्डात बसत नाही म्हणून त्याची वरची पिन मोडलेली असेल, तर अर्थिंगविषयी लिहिलेले सगळे व्यर्थ. एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो : मिथिलीन क्लोराइडसारखे हॅलोजनयुक्त द्रावक ॲल्युमिनियमच्या भागांशी दाबाखाली अशी अभिक्रिया करू शकतात की पंपच फुटतो. त्यामुळे धुण्याचे द्रावण निवडताना स्वस्ताईपेक्षा पंपाची पुस्तिका बघावी.

इतर उपकरणे : सुई होण्याचा हा गुण रंगापुरता नाही. गॅरेजमधली हाताने दाबायची ग्रीस गन निपल चोंदलेले असेल तर कित्येकशे बारपर्यंत दाब चढवू शकते. कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन 1,600 बार आणि त्याहून अधिक दाबाखाली असते, म्हणून इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्याशिवाय पाइप सैल करत नाहीत. धातू कापणाऱ्या वॉटरजेटमध्ये नुसते पाणी सुमारे 4,000 बारवर असते. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत दिसणारा एचटीपी पंप या रांगेत अगदी खाली, साधारण 20 ते 40 बारचा. पण तोही त्वचेच्या 7 बारच्या बराच पुढे आहे, आणि त्याच्या नळीत रंगाऐवजी कीटकनाशक असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष श्वासातून आणि कातडीवाटे भिनले होते. त्या प्रसंगानंतर मास्क आणि हातमोज्यांची चर्चा खूप झाली. फुटक्या नळीला सुतळी बांधून चाललेला एचटीपी पंप मात्र आजही कुठल्याही बागेच्या बांधावर सापडतो.