पेडलाला बांधलेला पाय

शर्यतीच्या सायकलीचे 'क्लिपलेस' पेडल म्हणजे शब्दशः बिनक्लिपचे पेडल. प्रत्यक्षात मात्र त्यात बूट खटकन अडकतो आणि घट्ट बसतो. मग असे उलटे नाव का पडले?

नावातून वजा झालेली क्लिप जुनी आहे. अनेक दशके शर्यतपटू पेडलावर 'टो-क्लिप' नावाची धातूची चौकट बसवत, तिच्यात बुटाचे टोक सारत आणि वरून चामड्याचा पट्टा आवळत. पाय सोडवायचा तर खाली वाकून पट्टा हाताने सैल करावा लागे. चढावर पट्टा आवळलेला असताना तोल गेला, तर स्वार सायकलीसकट आडवा होई.

१९७१ साली इटलीच्या चिनेली कंपनीने 'एम७१' हे पेडल आणून पट्टा हद्दपार केला. कंपनीचा संस्थापक चिनो चिनेली स्वतः १९४३च्या मिलान-सान रेमो शर्यतीचा विजेता, त्यामुळे अडचण त्याला अनुभवाने ठाऊक होती. तळव्याची पट्टी पेडलात सरकवायची आणि छोट्या खटक्याने बंद करायची, अशी ही रचना होती. मात्र तो खटकाही हातानेच उघडावा लागे. पुढे या पेडलांना 'डेथ क्लीट्स' असे टोपणनाव मिळाले. पाय पकडून ठेवणे साधले होते, योग्य क्षणी सोडणे साधायचे होते.

उत्तर बर्फावरून आले. फ्रान्समधील नव्हेर शहराची 'लुक' कंपनी स्कीला बूट जखडणारी यंत्रणा बनवत असे. स्कीपटू पडताना बूट सुटला नाही तर पायाचे हाड मोडते, म्हणून वेळेवर सोडणे हीच त्या यंत्रणेची खरी कसोटी असते. हेच तत्त्व १९८४ मध्ये पेडलात आले. बुटाखालच्या त्रिकोणी क्लीटचे टोक पुढे अडकवून टाच दाबली की स्प्रिंगची पकड बसते, आणि टाच बाहेर वळवली की ती सुटते. हाताचे काम संपले.

त्या वेळी 'लुक' बर्नार तापी या उद्योजकाच्या ताब्यात होती आणि 'ला व्ही क्लेअर' हा सायकलसंघही त्याचाच होता. जाहिरातीसाठी याहून चांगला मेळ कोणता? संघाचा नायक होता ब्रिटनी प्रांताचा बर्नार इनो. १९८३ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याची 'तूर द फ्रान्स' हुकली होती आणि पुढच्या वर्षी लोराँ फिन्योंने त्याला दुसऱ्या स्थानावर ढकलले होते. १९८५ मध्ये तो नव्या पेडलांवर उतरला. सेंट-एतियेन येथे पडून त्याचे नाक मोडले, तरीही सहकारी ग्रेग लेमाँडला १ मिनिट ४२ सेकंदांनी मागे टाकून त्याने पाचवे विजेतेपद मिळवले. हा विजय पेडलांमुळे झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्यानंतर त्यांच्याकडे गंमत म्हणून पाहणे कठीण झाले. तरीही आयर्लंडच्या शॉन केलीसारखे मुरलेले खेळाडू बरीच वर्षे पट्ट्यांनाच चिकटून राहिले.

त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. सुरुवातीच्या क्लीटमध्ये पाय एकाच कोनात जखडला जाई. पेडल मारताना टाच स्वभावतः थोडी आतबाहेर होते. ती रोखली तर पिळाचा ताण गुडघ्यावर येतो. 'लुक'चे पेडल घडवणाऱ्या झाँ बेल यानेच पुढे 'टाइम' या नव्या कंपनीत टाचेला मोकळीक देणारे पेडल आणले. या मोकळिकीला 'फ्लोट' म्हणतात. १९९० मध्ये जपानच्या शिमानोने 'एसपीडी' आणले. त्याची छोटी धातूची क्लीट तळव्याच्या खाचेत लपते आणि त्या बुटांनी नीट चालता येते. ही सोय मुळात डोंगरी सायकलींसाठी होती.

आज रोड बाइकसाठी पेडल निवडणारा बहुधा तीन स्क्रूंची रुंद क्लीट घेतो, आणि वाटेत चालावे लागणार असेल तर दोन स्क्रूंची. खरी निवड मात्र फ्लोटच्या अंशांची असते, आणि ते अंश रंगावरून ओळखतात. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळा रंग म्हणजे ६ अंश, निळा २, आणि लाल म्हणजे शून्य. 'लुक'च्या किओ क्लीटमध्ये शून्य काळ्याला, तर लाल म्हणजे ९ अंश, सर्वांत मोकळी.